काचेवरच्या टिकल्या

घरात खाऱ्या पाण्याची टाकी असली का तिच्या काठावर मीठ जमते. बुडबुडा फुटते, बारीक थेंब उडते, वाळते, अन् काचेच्या काठावर पांढरी खपली धरते. पुसली तर पुन्हा येते. माह्या नावाचे किस्सेही तसेच. कोणी मुद्दाम जमवले नाई, पण बोरगाव मेघ्यात आमच्या गल्लीत आता कोणीही सांगते. मी समोर बसलो असलो तरी सांगते! पानठेल्यावर तर या म्हाताऱ्याचं नावच 'समुद्रवाला बुडा' पडलं आहे. मंग म्हटलं, दुसरा तिखट लावून सांगन त्याच्यापेक्षा आपणच सांगून मोकळं व्हावं.

माणसं थोडी आहेत, ती आधी सांगतो. मी मूळचा रोहण्याचा. शाळेनं मले सोडलं का मी शाळेले, आता ध्यानात नाई. सारा जनम वावरात गेला. गुडघे बसले तवा पोरानं, मंगेशनं, इथी बोरगावले आणून बसवलं. सून वैशाली कॉलेजात शिकवते. समोर गणपत राह्यते. तो लाइनमन होता, आता रिटायर आहे, म्हणून दिवसभर त्याले दुसऱ्याच्या घरचं पाहाले वेळ आहे.

आणि हॉलमध्ये, जिथी माह्या मतानं दिवाण पाह्यजे होता, तिथी वैशालीची काचेची टाकी आहे. मी हात पसरले तरी पुरत नाई एवढी लांब. त्यात समुद्र. मासे कमी, पोवळे जास्त. पोवळं म्हणजे दगडावर वाढणारा जीव. दिसते झाडासारखा, पण आहे जनावर. हे मले आता समजलं. तवा मी त्याले झाडच समजत होतो. साऱ्या भानगडी तिथूनच.

*

टाकी लागली तो दिवस.

वैशालीनं पाकिटातलं मीठ कालवून पाणी खारं केलं. आमच्या गावी खारं पाणी निघालं तर माणूस कपाळाले हात लावत होता, अन् इथी मीठ इकत आणून गोडं पाणी खारं करणं चालू होतं! मी तोंडातल्या तोंडात बोललो. बाईनं ऐकलं नाई असं दाखवलं.

मंग तिनं दोन पंप काहाडले. मुठीएवढे. आत पंखा. पंप काचेच्या आतून, चुंबक काचेच्या बाहेरून, अन् मधात काच. चुंबकच त्याले धरून ठेवते. चालू केले तसं पाणी हेलकावे खाऊ लागलं.

मी इचारलं, "हे पाणी कोठी जाते?"

"कुठंच नाही जात मामाजी. आतल्या आत फिरतं."

"मंग मोटार कायले पाह्यजे?"

"समुद्र कधी थांबतो का?"

गणपत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता. तो म्हणे, "त्याले काय इचारतं सूनबाई? त्यानं समुद्र पाह्यलाच नाई. याची धाव वर्धा नदीपर्यंत!"

सारे हासले. मले झोंबलं. मी म्हटलं, "पाण्यातलं मले नको शिकवू गणपत. जनमभर ओलीत केलं मी."

वैशालीनं तवा जे केलं ते मी इसरलो नाई. म्हणे, "मग या न मामाजी. दुसरा पंप तुम्हीच लावा. हात धुऊन या. कोपरापर्यंत. साबण लावू नका."

टाकीत हात घालाचा तर साबण चालत नाई, तंबाखूचा हात तर बिलकुलच नाई. मी खर्रा थुकला. हात धुतले. बाह्या वर केल्या. मंगेशले तिनं अजून बोटही बुडवू देलं नव्हतं, अन् मले बोलावलं होतं! छाती फुगवून मी पंप आत धरला, बाहेरून चुंबक लावलं, खटकन बसला.

वैशाली हळूच म्हणे, "मामाजी, तोंड काचेकडं झालं."

गणपत म्हणे, "काचीले ओलीत करून राह्यला काय बे?"

*

एक दिवस मी झोपून उठलो तर टाकीतलं पाणी ठप्प! दोन्ही पंप बंद. पाणी म्हणजे जसं काई परातीतलं. वैशाली आतमधी कपडे वाळू घालत होती. पण तिले काऊन तरास द्याचा? आपल्याले समजते न! पंप बंद म्हणजे जीव गुदमरते एवढं तिनंच सांगतलं होतं.

मी अंगणात जाऊन बोंबललो, "गणपत! मोटार जळली!"

गणपत टेस्टर घेऊन पळत आला. त्याच्या मांगं त्याची बायको, तिच्या मांगं दूधवाला. गणपतनं बोर्ड खोलला, वायरी ओढल्या, जमिनीवर पसरल्या. मी मधात मधात हुकूम सोडत होतो. तेवढ्यात वैशाली बादली घेऊन बाहेर आली. हॉलमधी सारी गल्ली!

"काय झालं?"

"मोटार जळली."

"मामाजी, मीच बंद केली. ते जेवून राहिले."

आम्ही खाली वाकून पाह्यलं. खरंच. बारीक बारीक दाणे पाण्यात तरंगत होते अन् मासे निवांत टिपून राह्यले होते. पंप चालू असले तर दाणा वाहून जाते, म्हणून जेवणापुरते ते बंद ठेवा लागते. पुढं आपोआप चालूही होते. आता होत नव्हते, कारण वायरी गणपतनं तोडल्या होत्या.

गणपत जमिनीवरच बसला. म्हणे, "मी जेवाले बसलो तर माही बायको टीव्ही बंद करत नाई. इथी समुद्र बंद करते!"

त्याची बायको दारातच उभी होती. त्याचं पुढं काय झालं ते त्याच्या घरचं आहे.

*

इवाई, म्हणजे वैशालीचे वडील, अल्लीपूरचे. त्यायले ही टाकी पसंत नव्हती. लेकीले एवढं शिकवलं अन् ती मासे पाळते, हे त्यायले खपत नव्हतं. खूप दिवस ते आले नाई. शेवटी येतो म्हणाले. वैशालीनं दोन दिवस काच घासली. बापाले दाखवाचं होतं न!

त्या सकाळी मले दगडाच्या मांगं काळपट गाळ बसलेला दिसला. वैशाली कॉलेजातून अर्ध्या दिवसानं येणार होती. मी मनात म्हटलं, पाहुणे येणार अन् कोपऱ्यात कचरा? वावरात दांडात, पाण्याच्या नालीत, गाळ बसला का आपण काय करतो? पाण्याचा लोंढा सोडतो, गाळ पुढं जाते. मी हात धुतले, बिनसाबणाचे, अन् दोन्ही पंपांची तोंडं खाली वाळूकडं वळवली.

गाळ गेला. त्याच्यासंग तळाची सारी वाळूही उठली!

इवाई येऊन बसले तवा टाकीत ताक होतं. मासा दिसेना, पोवळं दिसेना. वैशाली दारातून आली, टाकी पाह्यली, अन् तिच्या तोंडावरचा रंगच गेला. बाप लेकीचं काम पाहाले पहिल्यांदा आलता.

इवायांनी चष्मा पुसला. पुन्हा पाह्यलं. मले इचारलं, "यात काय आहे म्हणता?"

मी म्हटलं, "धुकं आहे. सकाळचं असते."

वर्धेचा उन्हाळा! कूलर घरघर करून राह्यला होता. इवायांनी पन्ह्याचा घोट घेतला अन् म्हणे, "या उन्हात धुकं पाडलं तुम्ही. मानलं बाप्पा तुमाले!"

ते जेवले, पान खाल्लं, संध्याकाळच्या गाडीनं गेले. वाळू खाली बसली त्याच्या मांगून.

*

टाकीत एक पोवळं होतं, त्याले 'टॉर्च' म्हणते. सोनेरी बोटं असतात त्याले, टोकाशी चमकते, पाण्यासंग डोलते. वैशालीनं ते एवढंसं आणलं होतं. मले रोज वाटे, हे कोपऱ्यात पडलं, याच्यापर्यंत पाणी पोचत नाई, म्हणून ते वाढत नाई. संत्र्याच्या बागेत एखादं झाड पाटाच्या टोकाशी असते, ते तसंच खुरटं राह्यते. त्याले काय पाह्यजे? दांडाचं तोंड त्याच्या बुडाशी!

मी पंप सरकवला अन् धार बरोबर त्याच्यावर सोडली.

बोटं मस्त उडू लागली. मी खुश. चार दिवस मी येता जाता पाहो अन् मनात म्हणो, पी बेटा. मंग बोटं आत गेली. मंग त्याचं मांस एका बाजूनं सुटलं. खाली पांढरं हाड दिसू लागलं. खरंच हाड. झाडाले हाड नसते, हे मले तवा समजलं.

वैशालीनं पंप पाह्यला. मले पाह्यलं. वरडली असती तर बरं झालं असतं.

"मामाजी, यांच्यावर सरळ धार नाही सोडत. दोन्ही पंपांचं पाणी मधात एकमेकाला धडकू द्यायचं. मग ते कधी इकडून येतं, कधी तिकडून. तसंच पाहिजे असतं यांना."

"म्हणजे पाण्याले ना पाळी, ना दिशा?"

"हो."

"असं ओलीत मी केलं असतं तर माह्या बापानं मले वावराच्या धुऱ्यावर उभं राहू देलं नसतं."

"वावर नाही ते मामाजी."

दुसऱ्या दिवशी काचेवर टिकल्या होत्या. लाल, गोल, कपाळाच्याच. प्रत्येक चुंबकाच्या जागेवर एक, अन् पंपाचं तोंड जिकडं पाह्यजे तिकडं एक लहान. पंप हालला तर दुरूनच दिसन! आता घरी येणारा माणूस पहिले तेच इचारे, "या टिकल्या कायच्या?" वैशाली चहा देता देता सांगे, "मामाजींसाठी." तिच्या मनात काई वाकडं नसे. पण मी उठून परसात जाओ.

पलीकडच्या गल्लीतली एक बाई हळदीकुंकवाले आलती. तिनं टिकल्या पाह्यल्या, चप्पल दाराबाहेर सरकवली, पदर डोक्यावर घेतला, टाकीले हात जोडले अन् म्हणे, "कोणती देवी आहे वं वैशाली?"

"देवी नाही काकू. मामाजींसाठी लावल्या."

त्या बाईनं मंग मले हात जोडले! आजही रस्त्यात दिसली का जोडते.

*

अडकित्त्याचा किस्सा मंगेश सांगते तवा नक्कल करून सांगते, मले तशी येत नाई.

क्रिकेटची मॅच होती. टीव्ही टाकीच्या समोर. मी टाकीकडं पाठ करून मोढ्यावर बसून सुपारी कातरत होतो. टाकीले हात लावाची गोष्टच नाई. टॉर्चच्या भानगडीनंतर मी आपला चार बोटं दूर राहो. कोणीतरी सिक्स मारला. मी जोशात हात वर फेकला. तर अडकित्ता हातातून सुटला अन् खण्णकन टाकीच्या काचेले चिकटला! पंपाच्या चुंबकानं ओढला.

सोडून द्याचं न! पण लोखंड आपलं, चिकटलं दुसऱ्याले, मले सहन होईना. मी पाय रोवून हिसका मारला. अडकित्ता आला, त्याच्यासंग चुंबकही आलं. बाहेरचं चुंबक निघाल्यावर आतल्या पंपाले कोण धरन? तो उताणा झाला, तोंड वर करून आभाळाकडं. पाण्याचं कारंजं उडालं ते पंख्यापर्यंत, पंख्यानं ते साऱ्या हॉलमधी वाटलं. सोफा, टीव्ही, मंगेशच्या हातातला चिवडा, सारं खारं!

मंगेश प्लग ओढाले धावला. मी अडकित्ता हातात घेऊन उभा. अन् गणपत जाग्यावरून हालला नाई. तोंडावरचं पाणी पुसत म्हणे, "पाऊस आला. आता मॅच थांबन."

संध्याकाळी माहा मोढा अंगणात हलवला. मले नाई हलवलं. मोढाच हलवला.

*

हा किस्सा गल्लीत कोणी हासत सांगत नाई. माह्यासमोर तर सांगतच नाई.

टाकीत एक समुद्रफूल होतं. ताटलीएवढं. फूल म्हणतो, पण तेही जनावरच. त्याच्या पाकळ्यात दोन नारंगी मासे राहत. दुसऱ्या माशाले ते डसते, या जोडीले घरात घेते. वैशालीनं ते फूल बोटभर होतं तवापासून वाढवलं होतं. रोज चिमट्यानं त्याले झिंग्याचा तुकडा भरवे. लेकराले भरवते तसं, तोंडानं 'आ' करून.

हे फूल चालते. मनात आलं का दगड सोडून दुसरीकडं जाते. म्हणून तिनं पंपाच्या तोंडावर फोमची जाळी चढवली होती.

मले एवढंच दिसलं का पंपाच्या तोंडावर मळकी जाळी आहे अन् पाणी पहिल्यासारखं जोरात येत नाई. आता इहिरीतल्या पाइपाच्या तोंडाले जाळी असते, फूटवॉलची. तिच्यात शेवाळ गुतलं का मोटार पाणी ओढत नाई. पोहणारा नसला तर मीच इहिरीत उतरो अन् ती साफ करो. सारा गाव मले बोलावे. मी त्या सकाळी पंप काहाडला, टिकलीवरून काहाडला अन् टिकलीवरच पुन्हा लावला, एक सूतभर इकडं तिकडं नाई. जाळी तेवढी काहाडून घेतली. भांड्याच्या साबणानं खसखस धुतली. अंगणातल्या दोरीवर वाळू घातली.

पाणी जोरात आलं. मले वाटलं, आज वैशाली खुश होईन.

वैशाली कॉलेजातून आली. गाडी अजून स्टँडवर लावली नव्हती. माह्या बनियनच्या बाजूले दोरीवर ती जाळी लोंबून राह्यली होती, ती तिनं पाह्यली. हेल्मेट डोक्यातच. तशीच आत धावली.

फूल चालत चालत पंपाच्या पंख्यापर्यंत पोचलं होतं.

टाकी दुधासारखी झाली होती. मंगेशले फोन, बादल्या, टब, पाणी काहाड, पाणी घाल. मासे वाचले. पोवळं बरंच वाचलं. फुलाचे तुकडे तिनं गाळणीनं वेचले. मी मदतीले पुढं झालो तर ती म्हणे, "नका मामाजी. हात नका लावू आता." आवाज चढवून नाई. थकून.

त्या दिवसापासून मी टाकीले हात लावणं सोडलं.

जाळी पुन्हा पंपावर चढली. फूल नाई म्हणून ती नारंगी जोडी आता त्या जाळीलेच अंग घासते. रोज. मी सोफ्यावर बसतो तिथून नेमकं तेच दिसते.

काई दिवसांनी वैशाली फोनवर बोलताना ऐकलं, "हो, पूर्ण टँकच द्यायचा आहे. दगड, पंप, सगळं." मी पेपर उलटा धरून बसलो होतो. उलटा आहे हे मंगेशनं सांगतलं तवा समजलं.

*

मंग एका दुपारी मी घरी एकटा होतो अन् कूलर बंद झाला. पंखा बंद. टाकीतले पंप बंद. लाइन गेली.

मी वैशालीले फोन केला. ती म्हणे, "मामाजी, बॅटरीचा पंप चार्ज नाही हो. मी निघते. पाणी हलतं ठेवा, वरून हवा मिळाली पाहिजे."

हलतं ठेवाचं कसं? हात तर लावाचा नाई. मी सैपाकघरातून गंज, म्हणजे पातेलं, आणलं. टाकीतून गंजानं पाणी घ्याचं अन् उंचावरून परत टाकीत सोडाचं. जसा पाणक्या ओतते तसं. खुर्चीवर उभा राहून. गुडघे बोंबलू लागले, खांदा भरला, घाम टाकीत पडू नये म्हणून डोक्याले दुपट्टा बांधला. ते दोन नारंगी मासे वर येऊन पाहत होते. मी त्यायले म्हटलं, "पाहू नका बे लेकहो, श्वास घ्या."

गणपत दारात आला.

"काय करून राह्यला बे?"

"लाइन गेली!"

"कोठची?"

"दिसत नाई काय? साऱ्या बोरगावची!"

गणपतनं मांगं वळून आपल्या घराकडं पाह्यलं. "माह्या घरी तर कूलर चालू आहे. पानठेल्यावर गाणे चालू आहे. तुह्याच समुद्राची काऊन गेली?"

अन् आत जाऊन त्यानं मेनचं बटण वर केलं. ते खाली पडलं होतं. कूलर सुरू, पंखा सुरू, पंप सुरू. मी खुर्चीवर, डोक्याले दुपट्टा, हातात गंज.

तेवढ्यात वैशाली आली. क्लास सोडून, भर उन्हात. गणपतनं तिले सारं सांगतलं, पोट धरधरून. मी खाली उतरलो. तिनं गंज पाह्यला.

"हात नाही घातला?"

"तू नाई म्हटलं होतं न."

ती माह्या हातातला गंज घेऊन आत गेली.

*

आता रविवारचा किस्सा. गणपत म्हणते हाच सगळ्यात भारी. त्यात भारी काय, मले अजून समजलं नाई.

टाकी घेणारा माणूस नागपुरून आला. गॉगल डोक्यावर, हातात जाड घड्याळ. मंगेशनं चहा देला. गणपत बोलावल्याबिगर आलाच होता. मी ठरवलं होतं का आज तोंड उघडाचं नाई. आपल्या करणीनं टाकी घरातून जाऊन राह्यली, आपण कोणत्या तोंडानं बोलाचं?

तो माणूस टाकीपुढं उभा राह्यला. हात धुतले नाई, इचारलं नाई, बाही वर केली अन् घड्याळासकट हात आत! "फ्लो कमी वाटतो मॅडम," म्हणे. पंप धरला, टिकलीवरून सरकवला, अन् धार सरळ टॉर्चवर. त्याच टॉर्चवर. एका बाजूचं हाड अजून उघडं होतं. दुसऱ्या बाजूनं नुकतीच दोन नवी बोटं फुटली होती. ती वाकून दगडाले टेकली.

वैशाली बोलाले गेली अन् थांबली. टाकी आता त्याची होणार होती न.

तो हात झटकत म्हणे, "आणि या टिकल्या कशासाठी आहे?"

दर वेळी ती सांगे. या वेळी तिनं खाली पाह्यलं. गणपतही खाली पाहत होता. मी उठून परसात जाणार होतो. पण तोंडातून निघून गेलं.

"माह्यासाठी."

"काय काका?"

"माह्यासाठी लावल्या आहे. मी जे करीन ते चुकते म्हणून. पाण्यातलं समजते म्हणून मी वाळू उठवली, इवायासमोर सुनेची मान खाली घातली. तुम्ही आता ज्याच्यावर धार सोडली त्याच्यावर मीच सोडली होती, पाहा, हाड पाहा त्याचं! जाळी मी काहाडली. फूल मी मारलं. ते दोन मासे पाहा, घर नाई त्यायले. सारं मीच केलं. अन् तुम्ही आल्या आल्या तेच करून राह्यले. फरक एवढाच भाऊ, का मी हात धुऊन करत होतो!"

"बाबा!" मंगेश म्हणे.

त्या माणसाचा हात टाकीच्या काठावरच राह्यला. घड्याळातून पाणी ठिबकत होतं. मले वाटलं, जमिनीनं गिळावं. पाव्हण्याले असं बोलते काय कोणी? अन् ते आपल्याच घरात, आपल्याच सुनेसमोर, तिच्याच गिऱ्हाइकाले!

तो वैशालीकडं वळला. "मॅडम, टँक द्यायचा आहे न तुम्हाला?"

वैशाली टाकीकडं पाहत होती. ती दोन बोटं वाकलेलीच होती. तिनं त्याच्याकडं पाह्यलं नाई, मंगेशकडंही पाह्यलं नाई.

म्हणे, "मामाजी, हात धुऊन या. साबण लावू नका."